बाजपेयींची लेक आणि रेल्वेचा बॉल

मिश्र वंशाचा माणूस कोणाला म्हणायचं, हे आपल्या राज्यघटनेने कलम ३६६(२) मध्ये लिहून ठेवलं आहे. बापाकडून वर चढत जावं. बाप, आजा, पणजा किंवा त्याच्याही वरचा कोणी पुरुष युरोपीय वंशाचा निघाला, आणि माणूस स्वतः भारतातच जन्मलेला, इथेच राहणाऱ्या आईबापांचा असला, की तो अँग्लो-इंडियन. आईकडचं रक्त या हिशेबात धरलेलं नाही. सातबाऱ्यावर बापामागून मुलाची नोंद चढावी, तसा हा प्रकार.

या कलमापुढे नागपूरशी नातं असलेल्या दोन मुली उभ्या करून बघा. एक म्हणजे अजनीच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली कोणीही इंजिन ड्रायव्हरची मुलगी. तिच्या खापरपणज्याने कधी काळी आयर्लंड सोडलं, त्यानंतर घरातल्या कोणी बोटीत पाय ठेवलेला नाही. ती कायद्याने अँग्लो-इंडियन. दुसरीची आई थेट अमेरिकेतल्या मिशिगनची, वडील नागपूरचे. ही मात्र कायद्याच्या लेखी नुसती भारतीय, कारण बाप इथला. ही दुसरी मुलगी काल्पनिक नाही. तिचं नाव इंद्राणी रहमान, माहेरची बाजपेयी. १९५२ साली पहिल्यावहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत भारतातर्फे उभी राहिली ती हीच, आणि ओडिसी नृत्य ओरिसाच्या बाहेर, पुढे देशाबाहेर नेणाऱ्या पहिल्या काही जणींतलीही हीच. आज नागपुरात तिचं नाव घेतलं तर दहापैकी नऊ जण विचारतील, "हे कोण बाप्पा?"

दोघी नाचल्या. एक रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, दुसरी जगाच्या रंगमंचावर. आपण कोण, हे दोघींनाही नाचून सांगावं लागलं. शेजारणींना ते सांगावं लागत नव्हतं. आणि कोणी कुठला नाच नाचायचा, हे पुष्कळदा नाचणारीने नाही, तर बघणाऱ्यांनी ठरवलं. मला या लेखात बोलायचं आहे ते या बघणाऱ्यांबद्दल.

आधी रेल्वेकडे जाऊ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी मुंबईहून नागपुरात आली १८६७ साली. वीस वर्षांनी, १८८७ मध्ये, बंगाल-नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि तिचा रस्ता इथून हावड्याच्या दिशेने पसरत गेला. दोन कंपन्या एका गावात भिडल्या म्हणजे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तारबाबू, रूळ तपासणारे इन्स्पेक्टर यांचीही दुप्पट भरती. कंपन्यांनी यातल्या विश्वासाच्या जागा ठरवून अँग्लो-इंडियनांना दिल्या. १८५७ च्या उठावानंतर इंजिनाची दांडी कोणाच्या हाती असावी, याबद्दल गोऱ्या साहेबाची मतं पक्की झाली होती. अजनीचे बंगले आणि क्वार्टर, सदर, मोहननगर, क्लार्क टाऊन अशा भागांतली ख्रिस्ती घरं, बिशप कॉटन आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्ससारख्या शाळा, एवढ्या परिघात त्यांचा संसार बसत होता. या समाजाचे पुढारी फ्रँक अँथनी मूळ जबलपूरचे, पण शिकले नागपूर विद्यापीठात. १९४२ पासून अखिल भारतीय अँग्लो-इंडियन असोसिएशनचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि घटना समितीत त्यांनीच या समाजाची बाजू लढवली.

प्रत्येक मोठ्या रेल्वे वसाहतीत एक 'इन्स्टिट्यूट' असे. नाव शाळेसारखं वाटतं, पण तो क्लब. बिलियर्ड्सचं टेबल, वाचनालय, टेनिसची जागा, आणि मधोमध लाकडी जमिनीचा मोठा हॉल. ईस्टर, मे महिन्यातला 'मे क्वीन'चा बॉल, नाताळ, आणि सगळ्यांत मोठा ३१ डिसेंबरचा. बॉलच्या दिवशी दुपारीच जमिनीवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरली जायची आणि ती नीट पसरावी म्हणून वसाहतीतल्या पोरांना आत सोडायचे. पोरं गोणपाटावर बसून एकमेकांना ओढत, तासभर घसरगुंडी चालायची. संध्याकाळपर्यंत फरशी अशी व्हायची की साध्या चपलेने गेलं तर माणूस सपशेल आडवा. भिंतीला लागून खुर्च्या, त्यांवर आया आणि मावश्या. कोणाची मुलगी कोणाबरोबर सलग तीन वेळा नाचली, याची नोंद तिथे बिनचूक होत असे. झगे शिवणारे दर्जी आपलेच. परदेशी मासिकातलं चित्र समोर ठेवून हुबेहूब उतरवायचे. बँडवाले बहुतेक गोव्याचे. जेवायला पिवळा भात आणि कोफ्त्यांचा रस्सा. त्या रश्शाला हे लोक 'बॉल करी' म्हणतात, ही योजून केलेली कोटी नव्हे.

वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप झाले की मध्येच 'पॉल जोन्स' पुकारला जायचा. बायकांचं एक कडं आत, पुरुषांचं दुसरं बाहेर, दोन्ही उलट दिशांनी फिरतात. वाजप थांबलं की समोर जो असेल तो जोडीदार. गार्डाच्या मुलीसमोर फोरमनचा मुलगा, गोरीच्या समोर सावळा. हे महत्त्वाचं होतं, कारण रंगाची मोजदाद या समाजात बाहेरून जितकी चाले तितकीच आतूनही. सख्ख्या दोन भावांत एक भुऱ्या केसांचा आणि दुसरा अगदी आपल्यासारखा असणं ही रोजची गोष्ट. भुऱ्याला बढती लवकर मिळायची, आणि सावळ्या बहिणीला आई उन्हात जाऊ देत नसे.

आणि हॉलच्या दाराशी काय होतं? कंपनीतल्या हिंदी कारकुनांची इन्स्टिट्यूट वेगळी होती. त्यांना या हॉलमध्ये प्रवेश नसे. उलट बाजूला खुद्द विलायतेहून आलेल्या मोठ्या साहेबांचा क्लब निराळा, आणि त्याच्या दारात या ड्रायव्हर-गार्डांना कोणी उभं करत नसे. वर साहेबांचं दार बंद, खाली यांनी स्वतः लावून घेतलेलं. मधल्या जागेत वॉल्ट्झ. आम्ही इंग्रज आहोत, हे त्या तीन-तीन मात्रांच्या पावलांनी ते साहेबाला सांगत होते. साहेब बघायला नव्हताच. बाहेर उभा असलेला कारकून मात्र बघत होता, आणि 'हे आपल्यातले नव्हेत' असं मनात पक्कं करून घरी जात होता. स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांत हा समाज बोटी भरभरून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेला. त्याची कारणं अनेक आहेत. घटनेच्या कलम ३३६ ने रेल्वे, तार, कस्टम्समधल्या त्यांच्या राखीव जागा दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी उतरवत दहा वर्षांत संपवल्या, हे ठळक कारण. पण त्या दाराशी जी नजर तयार झाली होती, तिचाही वाटा मी त्यात धरतो. लोकसभेत आणि विधानसभांत त्यांचे प्रतिनिधी नेमण्याची सोय तेवढी पुढे चालू राहिली, तीही २०२० च्या जानेवारीत १०४ व्या घटनादुरुस्तीने थांबली.

ही नजर पुढे सिनेमात गेली. सदरच्या लिबर्टी-स्मृती टॉकीजच्या पिटात बसून शिट्ट्या मारणाऱ्यांना कुक्कू माहीत होती, हेलन तर घरचीच. कुक्कू मोरे अँग्लो-इंडियन. हेलन १९३८ ची, जन्म रंगूनचा, वडील अँग्लो-इंडियन आणि आई ब्रह्मी. जपान्यांच्या स्वारीनंतर हे कुटुंब ब्रह्मदेशातून पायी निघून आसामात पोचलं. मुंबईत आल्यावर कुक्कूनेच तिला समूहनृत्यात उभं केलं. हेलन मणिपुरी शिकली, भरतनाट्यम शिकली, कथक शिकली. पडद्यावर तिला मिळाला कॅबरे. 'हावडा ब्रिज' (१९५८) पासून पुढची दोन दशकं दारूचा ग्लास, पिसांची टोपी आणि खलनायकाचा अड्डा. आपली नायिका साडी नेसून तुळशीपुढे उभी, आणि तिने जे करायचं नाही ते सगळं करायला ही. अंग उघडं टाकायचं तर ते परकं असलेलं बरं, अशी ती सोय होती. पद्मश्री मिळायला २००९ साल उजाडलं. कुक्कू १९८१ साली हलाखीत गेली.

यांच्याही आधीची आझुरी. बंगळूरची, वडील जर्मन डॉक्टर, आई हिंदू. वडिलांनी पोरीला बॅले आणि पियानो शिकवला, हिंदुस्थानी नाचापासून कटाक्षाने लांब ठेवलं. ती मुंबईला आली आणि नेमकं तेच शिकली. बापाने मिटवायला घेतलेली अर्धी बाजू मुलीने हट्टाने उजळवली. सिनेमाने तिला सुरुवातीच्या बोलपटांत नर्तकी केलं, फाळणीनंतर ती पाकिस्तानात गेली, आणि आपण तिला विसरलो.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या काळात आझुरी हिंदुस्थानी नाच शिकत होती, त्याच काळात तो नाच कोठ्यावरून आणि देवळाच्या आवारातून उचलून नाट्यगृहात आणला जात होता. आणि आणणाऱ्यांत मिश्र घरांची मंडळी किती तरी. मेनका, म्हणजे पूर्वाश्रमीची लीला रॉय, १८९९ साली बारिसालला जन्मली. वडील बंगाली बॅरिस्टर, आई इंग्रज. नवरा साहिबसिंग सोखे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा संचालक. तिने कथकला एकटीच्या मैफलीतून काढून समूहाच्या नृत्यनाट्यात नेलं, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भरलेल्या नृत्यस्पर्धेत आपला संच उतरवला, आणि खंडाळ्याला 'नृत्यालयम' काढलं. मुंबईच्या मराठी घरातली दमयंती जोशी तिच्याच हाताखाली घडली. रामगोपाल बंगळूरचा, वडील रजपूत, आई ब्रह्मी. हे सगळे एकाच पिढीत का उगवले? माझं उत्तर साधं आहे. अभिजनांच्या घरातल्या मुलीने पायात चाळ बांधले तर तिचं लग्न अडत होतं, तिच्या बहिणीचंही अडत होतं. मिश्र घरातल्या मुलीची सोयरिक आधीच अडलेली असायची. तिच्याकडे घालवायला कमी होतं. आणि मिळवायला? आपण इथल्याच आहोत, हे सांगायची याहून जोरकस रीत तिच्यापाशी दुसरी नव्हती.

मेनकेने बसवलेल्या नाटकांत एक होतं कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र'. विदर्भाची राजकन्या मालविका आपली ओळख लपवून अग्निमित्राच्या दरबारात नृत्याची शिष्या म्हणून राहते आणि रंगमंचावर उतरते. रामटेकच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला कालिदासाचा मेघ लगेच आठवतो. आपली ही मुलगी आठवत नाही. अर्ध्या इंग्रज बाईने ती भूमिका निवडली यात मला काही योगायोग वाटत नाही.

आता बाजपेयींच्या घरात येऊ.

एस्थर ल्युएला शर्मन १८९३ साली मिशिगनमधल्या पेटोस्की गावी जन्मली, मिनियापोलिसला वाढली. नाचाचं वेड लहानपणापासून, आणि छोट्यामोठ्या कॅबरेत कामंही केलेली. तेव्हा अमेरिकेत 'पौर्वात्य' नाचाची लाट होती. रूथ सेंट डेनिस नावाच्या नर्तकीने १९०६ साली 'राधा' नावाचा नाच बसवून ती आणली; हिंदुस्थान तोवर तिने बघितलेला नव्हता. एस्थरची गाठ पडली रामलाल बळीराम बाजपेयी या नागपूरच्या तरुणाशी. बाजपेयी हे आडनाव आपल्या गावाला नवं नाही. मध्य प्रांताची राजधानी असल्यामुळे मराठी आणि हिंदी दोन्ही इथे अंगणातल्या भाषा. हा रामलाल रसायनशास्त्राचा अभ्यासक, पण इंग्रज सरकारच्या नजरेत आलेला राजकीय माणूस. न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय 'यंग इंडिया' हे मासिक चालवत, त्याच्या संपादनात तो मदत करत होता.

१९२१ साली दोघांनी डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला गुपचूप नोंदणी लग्न केलं. मुलीच्या आईवडिलांचा विरोध होता. पण विरोधापेक्षा विचित्र काम केलं कायद्याने. १९०७ च्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या बाईचं नागरिकत्व जाई आणि तिला नवऱ्याचं मिळे. रामलाल कागदावर ब्रिटिश प्रजा, म्हणून त्या दिवसापासून एस्थरही ब्रिटिश प्रजा. ज्या सरकारच्या तावडीतून नवरा पळून आला होता, त्याच सरकारची ही आता रयत झाली. त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस 'गोरा' या व्याख्येत बसत नाही, त्याला अमेरिकन होता येणार नाही. म्हणजे तो तिच्या देशाचा होऊ शकत नव्हता, आणि ती तिच्याच देशाची उरली नव्हती.

एस्थरने मग उरलेलंही सोडलं. नाव घेतलं रागिणी देवी, साडी नेसली, आणि प्रेक्षकांपुढे भारतीय म्हणूनच वावरू लागली. आजच्या डोळ्यांनी बघितलं तर ही सरळ तोतयेगिरी. पुस्तकं, संग्रहालयातल्या मूर्ती आणि तर्क यांच्या आधारावर ती नाच बसवत होती. १९२८ साली तिचं 'नृत्यांजली' हे भारतीय नृत्यावरचं पुस्तक निघालं, तेव्हा तिने भारत पाहिलेला नव्हता! पण तोतयाचं आणि तिचं गणित इथे वेगळं होतं. तोतया खऱ्या जागी जायचं टाळतो. ही १९३० साली पोटुशी असताना दक्षिण हिंदुस्थानात येऊन धडकली, आणि त्या सप्टेंबरात तिला मुलगी झाली. इंद्राणी.

मुलगी कडेवर असताना आई शिकायला बसली. मद्रासच्या मैलापूरला कपालीश्वराच्या देवळातल्या देवदासी गौरी अम्माळ. अभिनयात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. देवदासींवर तेव्हा सुधारकांचा रोख होता. मुंबई इलाख्यात १९३४ साली, मद्रासेत १९४७ साली कायदे झाले, पण लोकांच्या मनाचा कायदा त्याआधीच झाला होता. अशा बाईच्या दारात गोरी मेमसाहेब येऊन 'शिकवा' म्हणाली. पुढे याच गौरी अम्माळांकडे रुक्मिणी देवी शिकल्या. त्यांचा नवरा जॉर्ज अरंडेल इंग्रज, आणि १९३६ साली अड्यारला उभी राहिलेली कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था रुक्मिणी देवींचीच. पुन्हा तेच. उंबरठ्यावरच्या बायका आधी पोचतात.

त्यानंतर रागिणी देवी गेली केरळात. कवी वल्लत्तोळांनी १९३० साली कलामंडलम नुकतंच सुरू केलं होतं. कथकली म्हणजे तोवर पुरुषांचा मामला. तालीम उजाडायच्या आधी सुरू व्हायची. डोळ्यांत तूप घालून बुबुळं फिरवायची, आठही दिशांना, पुन्हा पुन्हा. मग जमिनीवर पालथं झोपायचं आणि आशान, म्हणजे गुरू, वर बांधलेल्या दोरीला धरून पायांनी पाठ आणि मांड्या मळत जाणार. चाळिशीला टेकलेली, एका लेकराची आई, बॅलेची सवय असलेली बाई या तालमीत शिरली. कलामंडलममधली ती पहिली स्त्री विद्यार्थिनी. १९३३ पासून ती तिथल्या गोपीनाथ या तरुण नटाला घेऊन गावोगाव हिंडली. कथकलीची रात्रभराची आख्यानं तासा-दीड तासात बसवून मुंबई-कलकत्त्याच्या प्रेक्षकांपुढे मांडली. रवींद्रनाथांनी ते बघून वाखाणलं. गोपीनाथ पुढे गुरू गोपीनाथ म्हणून मोठे झाले. रागिणी देवीचं गोरेपण इथे तिच्या कामी आलं, हेही सांगितलंच पाहिजे. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात तिला जी खुर्ची मिळे, ती गौरी अम्माळांना कधी मिळाली नाही.

इंद्राणीचं बालपण या दौऱ्यांत गेलं. आईच्या संचाबरोबर युरोप, मग महायुद्ध पेटल्यावर न्यूयॉर्क. नवव्या वर्षी ती मंचावर होती. पंधराव्या वर्षी, १९४५ मध्ये, तिने हबीब रहमान या तीस वर्षांच्या बंगाली वास्तुकाराशी लग्न केलं. आई अमेरिकन, वडील नागपूरचे ब्राह्मण, नवरा बंगाली मुसलमान. जनगणनेच्या माणसाने हिला कुठल्या रकान्यात घालावं?

१९५२ साली नव्या प्रजासत्ताकाने तिला आपल्या परीने रकाना दिला: मिस इंडिया. हा किताब त्याआधी १९४७ मध्ये प्रमिलाला मिळाला होता. प्रमिला म्हणजे कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घरातली एस्थर अब्राहम. भारताच्या पहिल्या दोन सुंदऱ्यांपैकी एक एस्थर आणि दुसरी एस्थरची लेक, हे मला फार गमतीचं वाटतं. इंद्राणी तेव्हा सहा वर्षांच्या मुलीची आई. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला मिस युनिव्हर्सची पहिली स्पर्धा भरली. तिथला तिचा फोटो बघण्यासारखा आहे. अंगात पोहण्याचा पोशाख, कपाळावर टिकली, केसांत गजरा. बाकीच्या मुली कॅमेऱ्याकडे बघून हसतात. हिच्या मानेला मात्र भरतनाट्यमचा ताठा आहे. हिंदी सिनेमाने जे शरीर आत-बाहेर असं वाटून टाकलं होतं, नायिकेला टिकली आणि हेलनला पिसं, ते या एका चित्रात विनातक्रार एकत्र उभं आहे.

तिला त्या किताबात विशेष रस नव्हता. भरतनाट्यम ती पंदनल्लूरच्या चोक्कलिंगम पिळ्ळै यांच्याकडे शिकली, कुचिपुडी कोराड नरसिंह राव यांच्याकडे. मग दिल्लीत राहणारे हंगेरियन कलासमीक्षक चार्ल्स फाब्री तिच्या मागे लागले की ओरिसात एक नाच आहे, तो जाऊन बघ. ओडिसीला तेव्हा शास्त्रीय म्हणायला दिल्ली तयार नव्हती. देवळातल्या माहारी नर्तकी आणि मुलींच्या वेशात नाचणारे गोटिपुअ मुलगे, एवढंच लोकांना ठाऊक. १९५७ मध्ये इंद्राणी गेली आणि देबप्रसाद दास यांच्यापुढे बसली. भरतनाट्यमच्या अरमंडीत गुडघे बाहेर, कंबर स्थिर, सगळं अंग रेषांत आखलेलं. ओडिसीच्या त्रिभंगात डोकं एकीकडे, धड दुसरीकडे, कंबर तिसरीकडे, आणि तरी तोल ढळता कामा नये. वर्षानुवर्षं घोटलेली रेषा मोडायची म्हणजे नवशिक्याहून अवघड काम, कारण शरीर ऐकत नाही. दोन मुलांच्या आईने ते केलं. दिल्लीत आणि परदेशात ओडिसी म्हणून लोकांनी पुष्कळदा पहिल्यांदा जे बघितलं ते इंद्राणीचं.

नागपूरकराने इथे जरा थांबावं. १७५१ पासून १८०३ पर्यंत कटक-पुरीवर राज्य होतं नागपूरच्या भोसल्यांचं. जगन्नाथाच्या देवळाची व्यवस्था बावन्न वर्षं आपल्या गावाकडे होती, आणि देवगावच्या तहात ती गेली. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे उभा आहे तोही मराठ्यांच्याच अमदानीत आणलेला. संबळपूर तर १९०५ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरच्या कचेरीखाली होतं, आणि त्या कचेरीने तिथे उडिया काढून हिंदी लादण्याचा उद्योगही करून पाहिला होता. अशा गावच्या माणसाची अर्धी अमेरिकन मुलगी पुरीच्या देवळातला नाच शिकायला विद्यार्थिनी होऊन गेली. भोसल्यांच्या स्वारीपेक्षा ही भेट ओरिसाला जास्त मानवली असणार.

१९६१ च्या नोव्हेंबरात नेहरू वॉशिंग्टनला गेले, तेव्हा केनेडी आणि नेहरू दोघांपुढे इंद्राणीचा कार्यक्रम झाला. स्वतंत्र भारत आपली ओळख म्हणून जी बाई पुढे करत होता, तिची आई मिशिगनची होती, हे त्या दिवाणखान्यात किती जणांना माहीत असेल! त्याच साली दिल्लीत रवींद्र भवन उभं राहिलं. संगीत नाटक अकादमी त्यातच बसते, आणि त्या इमारतीचा आराखडा हबीब रहमानचा. १९६९ साली इंद्राणीला पद्मश्री, १९८१ साली अकादमीचा पुरस्कार. १९७६ पासून ती न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड स्कूलमध्ये शिकवू लागली. १९९९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कलाच गेली. मुलगी सुकन्या, तीही नर्तकी. तिने आजी, आई आणि स्वतःवर 'डान्सिंग इन द फॅमिली' हे पुस्तक लिहिलं आहे.

दोघींची तुलना करायचा मोह होतो: इन्स्टिट्यूटची मुलगी साहेबाचा नाच नाचली म्हणून परकी ठरली, बाजपेयींची लेक देवळातला नाच नाचली म्हणून आपली. मला ही वाटणी पटत नाही. अजनीची मुलगी वॉल्ट्झ शिकली ती आईकडून, गोव्याच्या बँडवर, जन्मल्या गावात. इंद्राणीला भरतनाट्यमही शिकावं लागलं आणि ओडिसीही. आईने आधी, तिने नंतर, गुरूच्या दारात बसून. वारशाने मिळालेला नाच पहिलीचा, कमावलेला दुसरीचा. आपण मात्र शिक्के उलटे मारले.

आता धरमपेठ, लक्ष्मीनगर, रामदासपेठ, कुठेही संध्याकाळी स्कूटर लावायला जागा मिळत नाही, कारण वर भरतनाट्यमचा क्लास सुटायचा असतो. मराठी, तेलुगू, मारवाडी, बंगाली पोरी घुंगरांच्या पिशव्या घेऊन जिना उतरतात. तामिळ देवळातला नाच तू का शिकतेस, असं त्यांना कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे. वर्षातून दोन-चार अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्याच्या, पत्रिका माझ्याकडे येतात. जाड आर्टपेपर, नटराज, मुलीचा फोटो. त्यात गुरूचं नाव असतं, कधी गुरूच्या गुरूचंही. तिथून आणखी वर गेलं की बहुतेक परंपरांत एखाद्या गौरी अम्माळ लागतात. म्हातारपणी त्यांना दिसेनासं झालं होतं आणि हातात पैसाही उरला नव्हता. त्यांचं नाव अशा पत्रिकेवर छापलेलं मी अजून बघितलेलं नाही.